सोबतीला बसणाऱ्या मावशी

जगात नुसतं बसायची विद्या एकाच माणसाला आली आहे, आणि ते माणूस म्हणजे माझ्या बायकोची मावशी. आपण बाकीचे बसलो की काही ना काही करत असतो. कुणी घसा साफ करतं, कुणी खुर्ची करकरवतं, कुणी खिशातून मोबाईल काढून पुन्हा खिशात ठेवतं. मावशी बसल्या की बसल्या. एक गुडघा उभा, एक आडवा, पदर कानामागं, नजर समोर पण कशावरच नाही. त्यांचं लहानपण मेंढरांमागं माळावर गेलं. राखणारा हलला की मेंढरं हलतात, म्हणून न हलायचं अंगवळणी पडलं, असं त्या सांगतात. मला हे कारण अपुरं वाटतं. मेंढरांमागं पुष्कळ जण फिरले, पण यवतच्या स्टँडवर कुणाच्या मांडीवर अनोळखी बाईनं बाक समजून भाजीची पिशवी ठेवल्याचं मी ऐकलेलं नाही. मावशींच्या ठेवली होती. बाई गाडीची चौकशी करून आली आणि पिशवीखालून "न्या आता, जड हाय" असा आवाज आल्यावर पिशवी तिथंच टाकून पळाली. त्या आठवड्यात आमच्याकडं वांगी विकत आणावी लागली नाहीत.

आमच्या घरी त्या आल्या की दार वाजत नाही. मी कपाट बंद करून वळावं तर त्या पलंगाच्या कडेला बसलेल्या. माझ्या हातून दोन कप फुटले. तिसरा फुटल्यावर बायकोनं स्टीलचे पेले काढले. भांडगावजवळ हायवेला माझा वजनकाटा आहे. आकडा समोर दिसल्याशिवाय काही मानायचं नाही, हा माझा धंदाही आहे आणि स्वभावही. तर एकदा मी उसाची ट्रॉली तोलली, पावती फाडली, आणि मग मोळ्यांवर मावशी बसलेल्या दिसल्या. मांडवगणहून निघालेल्या ट्रॅक्टरवाल्यानं त्यांना वाटेत घेतलं होतं. मी पावती रद्द केली, त्यांना उतरवलं आणि ट्रॉली पुन्हा तोलली. आकडा तोच आला. माझा काटा दहा किलोपर्यंतचा फरक दाखवतो, आणि मावशी हाडकुळ्या असल्या तरी चाळीस किलोंच्या खाली नसतील. मी त्यांना परत वर चढवून तिसऱ्यांदा तोललं, तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, "मालक, ऊस वाळंल की!" काटा तपासायला माणूस बोलावला. काटा बरोबर निघाला.

या बसण्याचा त्यांनी आयुष्यभर एकच उपयोग केला. सोबत. मांडवगण फराट्यात बाळंतीण असो, ऑपरेशन होऊन घरी आलेला असो, शेवटचे दिवस मोजणारा असो, मावशींना निरोप जातो; कधी निरोप जायच्या आधीच त्या येऊन बसलेल्या असतात, आणि तेव्हा घरचे एकमेकांकडं बघायला लागतात. त्या औषध देत नाहीत, अंगारा लावत नाहीत, सल्ला तर मुळीच देत नाहीत. फक्त एकटं ठेवत नाहीत. त्यांच्या शेजारचे आप्पा गेले तेव्हा मी तिथं होतो. डॉक्टर सांगून गेले, बायकांनी रडायला तोंड उघडलं, तर मावशींनी हात वर केला. "जरा दम धरा. त्यांचं आवरायचं ऱ्हायलंय आजून." भर दुपारी त्या घरात पंधरावीस माणसं आप्पांचं आवरून होण्याची वाट बघत उभी होती. थोड्या वेळानं मावशी उठल्या, उंबऱ्यापर्यंत गेल्या, कुणाला तरी वाट द्यावी तशा अंग चोरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हां. रडा आता." मी त्या दिवशी जेवलो नाही. मावशी दोन भाकरी खाऊन झोपल्या.

आता मूळ गोष्ट. आमची मुलगी ऋतुजा नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि कॉलेजनं तिला प्रशिक्षणासाठी शिरूरच्या एका हॉस्पिटलात पाठवलं होतं. कॉलेजात शिकवलं होतं ते असं: विद्यार्थिनी वॉर्डात शिकायला जाते, स्टाफ भरून काढायला नाही, तिच्याबरोबर सिस्टर किंवा कॉलेजच्या ट्यूटर मॅडम असल्याच पाहिजेत, आणि जे काम शिकवलं नाही, ते करायला ती नाही म्हणू शकते. प्रत्यक्षात ट्यूटर मॅडम आठवड्यातून एकदा हजेरीपुरत्या यायच्या. सिस्टर तरी काय करणार, दोन मजल्यांना एक. दुपारी ती खाली जेवायला जायची आणि पेशंटच्या नातेवाइकांच्या भेटीची वेळ झाल्याशिवाय वर यायची नाही. तेवढा वेळ स्त्री वॉर्डात बेड बावीस, सिस्टर शून्य, विद्यार्थिनी एक.

मी मेट्रनबाईंना भेटायला गेलो. त्यांच्यापुढं हाच हिशोब मांडला. त्या म्हणाल्या, "साहेब, हा तुमचा वजनकाटा नाही. मुलगी नुसती सोबतीला असते पेशंटच्या. ड्यूटी सिस्टरचीच." बाहेर आल्यावर ऋतुजा जिन्यात माझ्या बाहीला धरून म्हणाली, "पप्पा, तुम्ही काही बोलू नका ना. इंटर्नल मार्क यांच्याच हातात आहेत. आमच्यातली एक बोलली, तिला महिनाभर नुसत्या चादरी मोजायला लावल्या."

घरी ही चर्चा चालली होती तेव्हा मावशी खोलीत होत्या. म्हणजे, असाव्यात. कारण मध्येच आवाज आला, "पोरगी येकटी आसती व्हय दुपारची?"

"हो मावशी," बायको म्हणाली.

"भर दुपारची?"

"हो गं."

आमच्याकडं भर दुपारी विहिरीवर कुणाला एकटं जाऊ देत नाहीत, एवढंच मी इथं नमूद करतो.

दुसऱ्या दिवसापासून त्या मांडवगणहून एसटीनं शिरूरला जायला लागल्या. हॉस्पिटलच्या दारावर वॉचमन बसतो आणि पास नसलेल्याला आत सोडत नाही, मलाही त्यानं अर्धा तास उभं केलं होतं. त्यानं मावशींना विचारलं, "कोण?" त्या म्हणाल्या, "मावशी." त्यानं "जा" म्हणून हात केला. हॉस्पिटलात झाडू-पोछा, भांडी, बेडपॅन करणाऱ्या बायकांना मावशीच म्हणतात, हे वाचकांना माहीत असेलच. या बायका कंत्राटावरच्या. हॉस्पिटलला वाटलं नवी बाई कंत्राटदारानं पाठवली, कंत्राटदाराच्या मुकादमाला वाटलं हॉस्पिटलनंच ठेवली, आणि कुणीच कुणाला विचारलं नाही. मावशी खोटं एक अक्षर बोलल्या नव्हत्या.

वॉर्डात कोपऱ्यातल्या खिडकीखाली एक लोखंडी स्टूल होतं. ऋतुजानं पहिल्या दिवशी एका आजींचं टेंपरेचर घेतलं, वळली, आणि तिच्या हातातला थर्मामीटर निसटला. "आज्जी! तू?"

"तुजं काम कर. मी हाय."

एवढंच. पुढं रोज. सिस्टर जिना उतरली की मावशी स्टुलावर, सिस्टरची चप्पल जिन्यात वाजली की स्टूल रिकामं. मोठ्या लोकांपुढं बसायचा त्यांना संकोच वाटतो, म्हणून त्या मागच्या जिन्यानं उतरून सोनोग्राफीच्या रांगेत जाऊन बसत. तिथं त्यांना दोनदा नंबर लागला म्हणून आत बोलावलं होतं. ऋतुजा कुणाला काही बोलली नाही. मला हे पसंत नव्हतं आणि मी तसं तिला सांगितलं. ती म्हणाली, "पप्पा, आज्जी बसली की माझे हात थरथरत नाहीत."

पण पेशंटना तोंड असतं. एका बाईनं सिस्टरला विचारलं, "त्या खिडकीतल्या मावशी आज न्हाई आल्या?" सिस्टरनं विचारलं, कोण मावशी? दुसऱ्या बेडवरून कुणी म्हणालं, विटक्या हिरव्या लुगड्यातल्या, पापणीसुद्धा हालवत न्हाईत. तिसरीनं शपथेवर सांगितलं की त्या शेजारी बसल्या की अंगाला गारवा लागतो. मुकादमाला बोलावलं; तो म्हणाला, आपल्या सगळ्या मावशींना निळी साडी आहे, हिरवी एकही नाही. कॅमेरा बघू म्हणाले, तर कॅमेऱ्याला वायर होती, पण ती भिंतीपाशीच संपली होती. मग एका मंगळवारी सिस्टर पाकीट विसरली म्हणून मध्येच वर आली, दाराच्या काचेतून आत पाहिलं, आणि पाकीट न घेताच खाली गेली. त्या दिवसापासून हॉस्पिटलभर एकच बोललं जाऊ लागलं: वॉर्डात पोरगी एकटी असली की ती येऊन बसते.

याच आठवड्यात ते इंजेक्शनचं घडलं. सिस्टरनं खालून फोन केला, "ट्रेमध्ये भरून ठेवलंय, नऊ नंबरच्या सलाईनमधून दे. हळू दे फक्त." ऋतुजानं सिरिंज उचलली. आत काय आहे हे लिहिलेलं नव्हतं, आणि सलाईनमधून औषध द्यायला तिला अजून शिकवलेलं नव्हतं. तिनं स्टुलाकडं पाहिलं. मावशींनी विचारलं, "शिकीवलंय तुला?"

"नाही."

"मग?"

ऋतुजानं सिरिंज ट्रेमध्ये ठेवली, फोन लावला आणि म्हणाली, "सिस्टर, मी देणार नाही. तुम्ही वर या." सिस्टर वर आली ती आधी दारातूनच खिडकीकडं बघत, आणि भीतीचा सगळा राग तिनं पोरीवर काढला. त्या सिरिंजमध्ये काय होतं ते पुढं कुणी तपासलं नाही, त्यामुळं मीही त्याबद्दल काही म्हणणार नाही.

दोन दिवसांनी मला बोलावणं आलं. मेट्रनबाईंच्या खोलीत त्या स्वतः, ती सिस्टर, ट्यूटर मॅडम, ऋतुजा आणि मी. मावशी माझ्याबरोबर आल्या होत्या, पण त्यांना मी खाली मेडिकलपुढच्या बाकावर बसवून वर गेलो होतो. निदान माझी तशी समजूत होती.

मेट्रनबाई म्हणाल्या, "या मुलीनं ड्यूटीवरच्या सिस्टरचं ऐकलं नाही. हिचं पोस्टिंग रद्द करा असं मी कॉलेजला कळवणार आहे."

पोस्टिंग रद्द म्हणजे तास भरणार नाहीत, तास नाहीत म्हणजे परीक्षा नाही, म्हणजे वर्ष गेलं. ऋतुजानं ओढणीचं टोक बोटाभोवती इतकं आवळलं होतं की बोट पांढरं पडलं. मी म्हणालो, "मॅडम, न शिकवलेलं काम करायचं नाही हे कॉलेजनंच शिकवलं. आणि ती एकटी होती."

"एकटी कशी? मी तुम्हाला मागंच सांगितलं, स्टुडंट फक्त सोबतीला असते."

"सोबतीला दोगं लागत्यात, बाई," कपाटाच्या बाजूनं आवाज आला.

सिस्टर किंचाळली आणि ट्यूटर मॅडमच्या खुर्चीमागं गेली. "मॅडम! हीच! हीच ती!"

मेट्रनबाई उभ्या राहिल्या. कपाट आणि भिंत यांच्या मधल्या जागेत मावशी उकिडव्या बसल्या होत्या. मी म्हणालो, "घाबरू नका. या माझ्या मावससासूबाई. मांडवगणच्या." अशा वेळी गप्प राहणं फायद्याचं झालं असतं, पण जे आहे ते सांगावं.

मेट्रनबाईंचा रंग परत आला, पाठोपाठ रागही. "या आत आल्याच कशा?"

"दारावरच्यानं इचारलं कोन. म्या म्हनलं मावशी. त्यो म्हनला जा."

"आणि रोज वॉर्डात बसता? अशक्य! बाहेरची बाई तासन्‌तास बसली असती तर आमच्या सिस्टरला दिसली नसती? सिस्टर कायम असते वॉर्डात!"

"नाही ना मॅडम!" खुर्चीमागून सिस्टर काकुळतीला येऊन म्हणाली, "आम्ही नसतो तेव्हाच येते ती!"

सिस्टरनं तोंडावर हात ठेवला. ट्यूटर मॅडमनी पेनाचं टोपण लावलं आणि हळूच विचारलं, "म्हणजे तुम्ही किती वेळ नसता?"

"जेवणापुरतं..."

"अडीच ते साडेचार," ऋतुजा म्हणाली. ती त्या खोलीत पहिल्यांदाच बोलली होती.

इथं विषय संपायला हरकत नव्हती. पण सिस्टर एकदा खरं बोलायला लागली ती थांबेना. "मॅडम, या साहेबांच्या नातेवाईक आहेत, ठीक आहे. पण मग ती दुसरी कोण?"

"दुसरी कुठली?"

"मंगळवारी दोघी होत्या. या बाई स्टुलावर, आणि यांच्या शेजारी एक मुलगी उभी. मला आधी वाटलं आपलीच स्टुडंट आहे. पांढरा ड्रेस, डोक्याला टोपी."

ट्यूटर मॅडम हसल्या. "टोपी आता कोण घालतं? माझ्या शिक्षणाच्या आधीच बंद झाली."

मेट्रनबाई हसल्या नाहीत. त्या हॉस्पिटलात सगळ्यांत जुन्या त्याच. त्यांनी टेबलाचा खण उघडला, आत काही न बघता बंद केला आणि म्हणाल्या, "उद्यापासून दुपारी वॉर्डात सिस्टर राहील. एकटी मुलगी ठेवायची नाही. एक मिनिटसुद्धा नाही. आणि हिचं पोस्टिंग चालू राहू दे." मग माझ्याकडं न बघता, "या तुम्ही."

परतीच्या एसटीत मावशी खिडकीपाशी बसल्या होत्या. कंडक्टरनं माझं एकट्याचंच तिकीट फाडलं, मला दोन मागून घ्यावी लागली. न्हावरा गेल्यावर मी विचारलं, "मावशी, तुमच्याबरोबर कोण असायचं वॉर्डात?"

"आता येकटीनं सोबत कशी हुईल, जावईबापू?"

"पण कोण?"

"नाव न्हाई इचारलं. कामात आसायची. ह्या सलाईनीपून त्या सलाईनीपातुर, निस्ती फिरत. तिलाबी कवातरी कुनीतरी येकटीला ठिवली आसंल. डूटी संपली म्हून तिला सांगितलंच न्हाई कुनी."

ऊन सरळ डोळ्यांवर येत होतं, तरी मी शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत ओढल्या. मी म्हणालो, "मग तुम्ही सांगायचं."

"म्या सांगून काय उपेग? मी का शिष्टर हाय? ज्याची सही चालती त्येनं सांगाया पायजे."

पुढं त्या वॉर्डाच्या दाराला लिंबू-मिरची लागली आणि दुपारी सिस्टर वॉर्डातच राहू लागली. तिच्या सुट्टीला बदली सिस्टर मिळू लागली, जेवणाचा डबा वर येऊ लागला, आणि ट्यूटर मॅडम एक दिवसाआड येऊन मुलींना समोर उभं राहून शिकवू लागल्या. नियम सगळे आधीचेच होते. कुणी विचारलं की मेट्रनबाई नियमाचं नाव सांगत, आणि संध्याकाळी स्वतः खिडकीला कडी लावून जात. ऋतुजा पास झाली, तिची नोंदणी झाली, आणि आता ती दौंडला एका हॉस्पिटलात स्टाफ सिस्टर आहे. तिच्या हाताखाली विद्यार्थिनी येतात. तिचा दुपारचा डबा बऱ्याचदा तसाच घरी येतो, त्यावरून तिची आई रागावते.

नोंदणी झाल्यावर, म्हणजे तिची सही चालायला लागल्यावर, ती एकदा शिरूरला दाखला आणायला गेली होती. तेव्हा म्हणे दुपारची वॉर्डात गेली, खिडकीपाशी उभी राहिली आणि पेशंटना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, "ताई, ड्यूटी संपली. मी आहे आता. तुम्ही जा." मी विचारलं, मग काय झालं? ती म्हणाली, "काही नाही पप्पा. पण मला उगीचच वाटलं की कुणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवून बाजूनं गेलं."

या उन्हाळ्यात मावशी अंगणात पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. आता त्या मांडवगणला खाटेवर असतात. त्यांच्यापाशी बसायला गावात बायकांची चढाओढ लागते. मागच्या रविवारी आम्ही गेलो होतो. ऋतुजा सुट्टी काढून आली होती आणि त्यांचा हात हातात घेऊन बसली होती. जेवणं झाल्यावर मावशींनी डोळे उघडले.

"तू हितं काय करतीस गं?"

"तुझ्याजवळ बसलेय, आज्जी."

"आन् तुज्या पोरी?"

"आहे दुसरी सिस्टर. सांगून आलेय मी."

"दुसऱ्यावर नगं टाकूस. दुपार झाली. जा."

"आणि तुझ्याजवळ कोण बसेल मग?"

"हाय की येक, डूटी संपल्याली," मावशी म्हणाल्या. ऋतुजानं डोळे पुसले, त्यांच्या पाया पडली आणि खरंच तीनची गाडी धरून गेली. बायको तिला स्टँडवर सोडायला गेली. घरात मी आणि मावशी. मी भिंतीकडच्या खुर्चीत चहाचा पेला घेऊन बसलो होतो. मावशींनी मोठ्या कष्टानं दुखरा पाय उचलून आत घेतला, मग दुसरा, आणि खाटेवर दाराकडच्या बाजूला एका माणसाची जागा केली.

मी विचारलं, "मावशी, कोण आलंय?"

"तुमी चा घ्या, जावईबापू," त्या म्हणाल्या, "निवंल."

मी चहा घेतला. खाटेची सुंभं जरा करकरली, आणि मावशींनी डोळे मिटले.